तिसरी बाजू

जुन्या बाजारात, बुधवारी,
बिजागऱ्या आणि नळाच्या तोट्यांच्या ढिगापाशी
ती पुन्हा भेटली.
दोन तबकड्या, उसवलेलं पाकीट,
पाकिटावर मिठाचा राजवाडा, समुद्रात गुडघाभर उभा.
"दोनशे. वाजते का ते विचारू नका," विकणारा म्हणाला.
मी विचारलं नाही. घासाघीसही केली नाही.
पुण्यात हे मोजावं लागतं.

ह्या बँडचं बाकी सगळं आम्हाला पाठ होतं.
ड्रमवाला कुठे अर्धी मात्रा उशिरा येतो,
गायक कुठे श्वास घ्यायला विसरतो,
सगळं.
ही मात्र नावडती.
नावडतीचं मीठ अळणी म्हणतात,
इथे तर अख्खा राजवाडाच मिठाचा.

एक्क्याऐंशी साल. रेंजहिल्सचं क्वार्टर,
डेरिक उजगरेची खोली.
त्याच्या मामाने बोटीवरून आणलेली कोरी करकरीत रेकॉर्ड,
आणि पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या बाजूवर चरा.
कोणी पाडला, ह्यावर आजही एकमत नाही.
सुई तिथे यायची, अडखळायची, आणि उडी.
आम्ही तिच्या डोक्यावर कंगोऱ्याचं दहा पैशांचं नाणं ठेवलं.
मग चार आणे.
तरी उडीच.
राजा गच्चीवर उभा, भरती चढतेय,
आणि पुढच्याच क्षणी तोच राजा कोळ्याच्या झोपडीत
अनवाणी बसून मासे साफ करतोय.
"ह्यांना गोष्ट सांगता येत नाही," श्रीनाथ म्हणाला,
"गुमान गिटार वाजवावी."
मोहसीन हसला. मी हसलो,
जरा जास्तच.
डेरिकने नाणं उचलून खिशात टाकलं
आणि तो चहाचं बघायला आत गेला.
त्यानंतर ती रेकॉर्ड लागली नाही.
आम्हीही लाव म्हणालो नाही.

आज कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर, दारं लावून,
आवाज शेजारच्या गोगट्यांना सोसेल एवढा.
गच्ची आली. भरती आली.
माझा हात आपोआप नाणं शोधायला गेला.
सुई उडाली नाही.

चार मिनिटं.
राजा जिना उतरतो, एवढंच.
ऑर्गन एका सुरावर बसून राहिलेला,
झांजेवर नुसती बोटं.
प्रत्येक पायरीवर तो एका नोकराचं नाव घेतो,
आणि ज्याचं नाव घेतलं तो नोकर घरी जातो.
शेवटी झाडणारी बाई उरते.
तिचं नाव त्याला आठवत नाही.
ती म्हणते, असू दे, एवढा जिना झाडून जाते.
आणि खराट्याखाली पायरी विरघळत जाते.

साडेदहा वाजले होते, तरी नगरला फोन लावला.
"डेरिक, मधे चार मिनिटं आहेत."
"चार मिनिटं अकरा सेकंद."
"तुला ठाऊक होतं?"
"मामाने कॅसेटपण आणली होती ना.
रात्री ऐकायचो. हळू, उशीखाली ठेवून."
"मग तेव्हा बोलला का नाहीस?"
पलीकडे कुणीतरी दाराची कडी घातली.
"तुम्ही हसत होता रे," तो म्हणाला,
रागाने नाही,
गाडी किती वाजताची होती ते सांगावं तसं.
मग गुडघ्यांबद्दल बोललो. त्याच्या, माझ्या.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं:
ती खोली झाडायला डेरिकची आई यायची.
"पाय वर घ्या रे," म्हणायची,
आणि आम्ही चौघे खाटेवर पाय घ्यायचो,
बोलणं न थांबवता.
तिचं नाव मला माहीत नाही.
आत्ताही विचारायचं राहिलं.

चौथी बाजू लावली.
ती मात्र खरंच रटाळ आहे.
बासरी कुणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे,
आणि राजा मासे साफ करतो ते फारच वेळ.
बसलो ऐकत,
पाय खाली सोडून.